एक कोयता, दोन माणसे

कोयता म्हणजे ऊस, गवत किंवा फांद्या तोडण्याचे मुठीचे लोखंडी हत्यार, असा अर्थ शब्दकोशात मिळेल. बीड जिल्ह्यात मात्र हा शब्द मोजमापाचा आहे. ऊसतोडणीचा हंगाम जवळ आला, की मुकादम गावात येतो आणि टोळीत किती कोयते आहेत हे विचारतो. माणसे किती हे तो विचारीत नाही. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. एकटा पुरुष हा अर्धा कोयता, एकटी बाईही अर्धा कोयता. धान्याला जसे मण आणि पायली, तशी श्रमाला ही जोडी. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात श्रमाचे एकक म्हणून मनुष्यदिन सांगितलेला असतो. नवराबायको हे श्रमाचे एकक असू शकते, हे शिकविण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर कधी आला नव्हता. विद्यार्थ्यानेच तो धडा दिला.

द्वितीय वर्ष कला शाखेतील हा विद्यार्थी दसऱ्यानंतर वर्गातून दिसेनासा झाला. आमच्याकडील महाविद्यालयांत हे नवे नाही. नोव्हेंबर उजाडला, की काही बाकांवर मोकळ्या जागा दिसू लागतात आणि हजेरी घेताना काही नावे प्राध्यापक आपोआप ओलांडून जातात. मार्चअखेर तो परीक्षेच्या अर्जाची चौकशी करण्यासाठी आला. हातांना घट्टे पडले होते आणि चेहरा रापलेला होता. इतके दिवस कोठे होतास, असे विचारल्यावर खाली पाहत तो म्हणाला, "सर, कोयता पुरा केला." त्याचे लग्न झाले होते. वडिलांच्या पाठीचे दुखणे बळावल्यामुळे घरचा कोयता मोडला होता, मागील हंगामाची बाकी अंगावर होती, आणि एकट्याला मुकादम पुरी उचल देईना. पुरी उचल हवी तर पुरा कोयता हवा. पुरा कोयता हवा तर बायको हवी. वधू शोधण्यापासून अक्षता पडण्यापर्यंत सर्व काही पंधरवड्यात उरकले. ऊसतोडणीच्या तोंडावर अशा घाईने लागणाऱ्या लग्नांना आमच्या भागात 'गेटकेन' असे नाव आहे. कराराबाहेरचा ऊस थेट कारखान्याच्या फाटकाशी आणून घातला, की त्याला गेटकेन म्हणतात. लोकांनी तो शब्द उचलून लग्नाला लावला. शब्दांची ही उसनवारी समाजशास्त्राच्या एखाद्या प्रबंधाइतके सांगून जाते.

स्त्रीपुरुषसमतेवरील आपली चर्चा बहुधा दोन सुरांत चालते. एका सुरात स्त्रीवरील अन्यायाची यादी असते. दुसऱ्या सुरात पुरुषांनाही दुःखे असतात, अशी काहीशी रुसलेली तक्रार असते. जणू या दोन स्वतंत्र फिर्यादी असून एकीचा निकाल लागला की दुसरी आपोआप फेटाळली जाते. कोयत्याची पद्धत पाहिली म्हणजे हा समज टिकत नाही. येथे एकाच हिशेबाने दोघांना बांधलेले आहे. गाठ मात्र प्रत्येकाच्या गळ्याभोवती वेगळ्या ठिकाणी बसते.

ही पद्धत कशी चालते ते थोडे तपशिलात पाहिले पाहिजे. सहकारी साखर कारखानदारीचा प्रारंभ प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास झाला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगीळांची दृष्टी यांतून उभे राहिलेले ते काम खरोखरच मोठे होते. त्याने ऊसउत्पादक शेतकऱ्याला कारखान्याचा भागधारक केले. ऊस तोडणारा मात्र भागधारक झाला नाही. तो दुष्काळी पट्ट्यातून येणारा हंगामी पाहुणाच राहिला. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरचा पूर्वभाग येथून कृष्णा, पंचगंगा, भीमा आणि नीरेच्या खोऱ्यांकडे जाणारी ही वाट अधिकच रुळली. कारखाना किंवा वाहतूक कंत्राटदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम ते जोडीला उचल म्हणून देतो, आणि पुढील पाच-सहा महिने टनाच्या दराने ती उचल फेडली जाते. फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर चढते. करार बहुधा तोंडी असतो. हिशेबाची वही मुकादमाकडे असते आणि त्या वहीत जोडीच्या नावे एकच नाव असते. ते अर्थातच पुरुषाचे.

कामाची वाटणी ठरलेली आहे. पुरुष ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत किंवा गाडीपर्यंत नेते. ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळीत वर चढणे हे बघणाऱ्याच्याच छातीत धडकी भरविणारे काम आहे. पहाटे फडात जाण्यापूर्वी भाकरी थापलेल्या असाव्या लागतात; फडातून परतल्यावर पाणी, सरपण, मुले आणि पुन्हा चूल. रात्री-अपरात्री रिकामी गाडी आली, की दोघांनाही उठून भरणीला जावे लागते. तिच्या दिवसाचे तास मोजले तर ते त्याच्यापेक्षा जास्त भरतील, यात शंका नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार देशात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. कोपीतल्या बाईसाठी ही २८९ मिनिटे फडातील कष्टांच्या आधी आणि नंतर येतात.

आता मजुरीकडे वळू. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला, आणि त्यातील तत्त्व पुढे २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाले. हा कायदा फडाच्या बांधापाशी येऊन थबकतो. विषमता सिद्ध करावयाची तर दोन वेतने समोर हवीत आणि त्यांची तुलना करता आली पाहिजे. येथे वेतन एकच आहे. ते टनाला आहे, आणि टन जोडीचा आहे. बाईला कमी मजुरी दिली असा आरोप कोणावर करावा? तिला कमी दिलेलीच नाही. तिला दिलेलीच नाही. जे दिले ते 'घराला' दिले, आणि घराच्या वतीने अंगठा किंवा सही कोणाची, हे आपल्या समाजाने कारखाने निघण्यापूर्वीच ठरवून ठेवले आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तिचे स्वागतच केले पाहिजे. पण त्या वाढीतील किती पैसे तिच्या हाती पडले, या प्रश्नाला मुकादमाच्या वहीत रकानाच नाही.

रकाना नसल्याचे मोल शरीराने मोजावे लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, विधिमंडळात पोहोचला, आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा स्त्रियांमागे एक, असे हे प्रमाण पडते. यात काही डॉक्टरांचा लोभ होता, कर्करोगाची घातलेली भीती होती, शौचालय नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते म्हणून जडलेले आजार होते. परंतु या सर्वांच्या मुळाशी खाड्याचा हिशेब आहे. एक जण आजारी पडला तर कोयता अर्धा होत नाही, तो बंद पडतो. आणि बंद पडलेल्या दिवसाचा दंड जोडीच्या बाकीत चढतो. ज्या कारखान्यातील यंत्राचा एक भाग वारंवार कुरकुरतो तेथे व्यवस्थापक काय करील, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही सांगू शकेल. येथे व्यवस्थापक म्हणून नवरा उभा आहे, आणि तो भाग म्हणजे त्याच्या बायकोचा देह आहे. त्याला राक्षस ठरविण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाही. तोही कर्जाच्या आकड्याकडे पाहूनच होकार देतो. पुष्कळदा तीही देते. ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडूनच पैसे घेतले जातात आणि ते पुढील उचलीत धरले जातात.

पुरुषाच्या वाट्याला काय येते? वहीत नाव त्याचे, म्हणून कर्जही त्याचे. बाकी फिटली नाही तर मुकादमाची माणसे त्याच्या दारात येतात, चारचौघांत त्यालाच बोल लावतात. मुकादमही वर कोणाचा तरी देणेकरी असतो, म्हणून त्याचा आवाज अधिकच चढतो. पाठ गेली तरी 'मला झेपत नाही' हे वाक्य या पुरुषाला उच्चारता येत नाही. उच्चारले तर पुढल्या वर्षी उचल नाही. बायको तापाने फणफणली असताना त्याने चूल पेटवून भाकरी थापली तर शेजारच्या कोपीतून हसण्याचा आवाज येतो. लग्न करावयाचे नाही किंवा दोन वर्षांनी करावयाचे, हा पर्यायही त्याला नसतो. आमच्या त्या विद्यार्थ्याला पदवी पुरी करावयाची होती. अर्धा कोयता राहण्याची ऐपत त्याच्या घराला नव्हती.

लग्नाचा बाजार या मोजमापाने कसा फिरतो, याचा विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने केला पाहिजे. बायकोवाचून कोयता नाही, म्हणजे स्त्रीच्या श्रमाला मागणी आहे. मागणी असेल तेथे किंमत वाढावी, हा आमचा पहिला धडा. प्रत्यक्षात काय दिसते? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ होती. बीड जिल्ह्यात ती अवघी ८०७ होती. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आणि बीडमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक निघाले. जिच्या श्रमावाचून चूल पेटत नाही, तिचा जन्म नको असतो आणि तिचे बालपण लवकर संपवावयाचे असते. हा विरोधाभास वरवरचा आहे. मुलीचे श्रम मोलाचे असले तरी ते मोल तिच्या नावावर जमा होत नाही, बापाच्याही नाही. ते दुसऱ्या कुटुंबाच्या कोयत्यात जमा होते. बाप हुंड्यासाठी उचल घेतो, जावई लग्न झाले म्हणून उचल घेतो. एका मंगलकार्यातून दोन कर्जे निघतात आणि दोन्हींची फेड त्या मुलीच्या डोक्यावरील मोळीतून होते.

हा दूरच्या दुष्काळी मुलखाचा प्रश्न आहे, असे समजून पगारदार वाचकाने पान उलटू नये. आपल्या घरांतील जोडीचा हिशेबही फार निराळा नाही. वही तेवढी सुबक आहे. मोटार अपघातात मृत्यू आल्यास भरपाई ठरविण्यासाठी १९९४ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जे परिशिष्ट जोडले गेले, त्यात न कमावणाऱ्या पत्नीचे उत्पन्न हे कमावत्या पतीच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश धरावे असे होते. याचा अर्थ असा, की दोन बायकांनी तितक्याच पोळ्या लाटल्या, तितकीच मुले वाढविली, तितक्याच सासऱ्यांची पथ्ये सांभाळली, तरी कारकुनाची बायको साहेबाच्या बायकोपेक्षा स्वस्त! जमशेदपूर येथे १९८९ साली लागलेल्या आगीतील मृतांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचे मोल महिना तीन हजार रुपये धरले. आणि २०२१ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने कालविनियोग पाहणीचे आकडे उद्धृत करून गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितले. हे स्वागतार्ह आहे. तथापि आपल्याकडे गृहिणीच्या कामाचा हिशेब मांडण्याची पाळी ती मेल्यावरच येते, हे लक्षात घेतले पाहिजे. जिवंतपणी ती 'काही करीत नाही, घरीच असते'.

पुरुषाचे मोल मात्र जिवंतपणीच रोज मोजले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांत ४,९९९ पुरुष आणि २०८ स्त्रिया. हे आकडे दोन प्रकारे वाचता येतात आणि दोन्ही प्रकारे वाचले पाहिजेत. देणेकऱ्यांसमोर उभे राहण्याची, मुलीचे लग्न थाटात लावण्याची, पीक बुडाले तरी बँकेत मान वर करून जाण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकलेली असते, तो 'कर्ता पुरुष' त्या शब्दाच्या भाराखाली मोडतो. आपली भावना बोलून दाखविणे त्याला कोणी शिकविलेले नसते, उलट ते टाळण्याचे शिक्षण मात्र लहानपणापासून मिळालेले असते. दुसरे वाचन असे, की स्त्रिया इतक्या कमी का दिसतात? देशातील ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश शेतीत राबतात. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच भरले. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही ती शेतकरी म्हणून जगत नाही, म्हणून शेतकरी म्हणून मरतही नाही. तिचा मृत्यू गृहिणीच्या रकान्यात जातो. आणि तो मेल्यावर कर्ज, शेत, मुले, तलाठी कार्यालयाचे खेटे हे सर्व तिच्यावर येते, ज्याची एकही ओळ त्याच्या हयातीत तिला वाचून दाखविलेली नसते.

घर हे एक आहे, त्यात तुझेमाझे कशाला, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. तो केवळ कर्मठांचा नाही. त्याला विद्वत्तेचाही आधार आहे. गॅरी बेकर यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने कुटुंबातील श्रमविभागणीचे जे विवेचन केले, त्यात घर हे एक मन असलेले, एक हित असलेले असे धरलेले असते. अमर्त्य सेन यांनी १९९० मधील आपल्या निबंधात याला दिलेले उत्तर अधिक वास्तव आहे. घरात सहकार्य असते आणि त्याच वेळी संघर्षही असतो. आणि त्या संघर्षात कोणाला किती मिळते, हे कोणाचे योगदान मोठे दिसते यावरही अवलंबून असते. 'दिसते' हा शब्द येथे महत्त्वाचा. मोळी उचलणारीचे योगदान डोळ्यांना दिसते, कागदाला दिसत नाही. आणि भांडण विकोपाला जाते, नवरा दारूत बुडतो किंवा फडात साप चावून मरतो, तेव्हा एक असलेल्या घराची अर्धी कोयता होऊन ती दिराच्या किंवा भावाच्या टोळीत जागा मागत फिरते. त्या वेळी घराच्या एकत्वाचे गोडवे गाणारे कोणी दिसत नाहीत.

आता ऊसतोडणीची यंत्रे फडात आली आहेत. त्यांच्या चाकामागे बसलेली स्त्री प्रस्तुत लेखकाने अद्याप पाहिलेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत यांत्रिकीकरण आणि रात्रपाळीचे नियम यांच्या चपाट्यात स्त्रिया प्रथम बाहेर पडल्या, तो इतिहास जुना असला तरी विसरण्याजोगा नाही.

जोडीतील प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करणे अशक्य आहे, असे कारखानदार सांगतात. टन कोणी तोडला आणि कोणी वाहिला हे कसे मोजणार, असे विचारतात. याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी मजुरांची कामे काढली आणि पुढे रोजगार हमीचा कायदा केला, जो १९७९ पासून अमलात आला. त्या कामांवर हजेरीपटात बाईचे नाव बाईच्या नावाने लागत होते. खडी फोडणाऱ्या नवऱ्याची आणि पाटी वाहणाऱ्या बायकोची नोंद वेगळी ठेवणे मिस्त्रीला जमत होते. त्या योजनेसाठीच १९७५ पासून शिक्षक-कारकुनांच्या पगारातून व्यवसायकर कापला जाऊ लागला, तेव्हा या हजेरीपटाशी आपले नाते अगदीच नाही असे नाही. जे मुरमाच्या ढिगाऱ्यावर जमले ते उसाच्या फडात न जमण्याचे कारण तांत्रिक नाही. दोन नावे लावली तर दोन खाती उघडावी लागतील, दोघांचा विमा उतरावा लागेल, बाळंतपणाची रजा कोणी द्यावयाची हे ठरवावे लागेल, आणि मुख्य म्हणजे कामगार कारखान्याचा की मुकादमाचा, या प्रश्नाचे उत्तर टाळता येणार नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेकडो गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे केला. त्या मोहिमेत पुरुषांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नव्हते; लक्ष्मीचे देणे फेडून स्वतःही मोकळे व्हा, असे त्यांना सांगितले होते. मोहीम पुढे ओसरली, तरी नाव लावल्याने घर मोडत नाही एवढे तिने दाखविले. ऊसतोडणी मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले आहे. गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच शासनाने द्यावेत, अशी त्याच्या निधीची योजना आहे. त्या पैशाची पहिली अट म्हणून प्रत्येक मुकादमाच्या वहीत दोन नावे, दोन अंगठे आणि दोन खाती मागता येतील. अर्ध्या कोयत्याला अर्धी नव्हे, तर एका माणसाची पुरती उचल मिळाली, तर पुढील दसऱ्याला कोणा मुलाचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलले जाऊ शकेल, आणि कोणा मुलीची दहावीची परीक्षा होऊन जाईल.

त्या विद्यार्थ्याचा परीक्षेचा अर्ज भरून घेतला. विलंबशुल्काचे पैसे त्याने कनवटीला बांधून आणले होते; वाढे विकून बायकोने साठविलेले होते, असे त्याने आपणहून सांगितले. ती किती शिकली आहे, असे विचारल्यावर तो जरा थांबला. नववीतून काढली असावी, म्हणाला. विचारायचे राहून गेले.